वेरूळला नेलेला वाकस

आमच्या सुतारांत अवशीला, म्हणजे अमावास्येला, हत्याराला हात लावत नाहीत. आदल्या दिवशी सगळी हत्यारं पुसून, तेल लावून भिंतीशी ओळीनं मांडायची. अवशीला सकाळी त्यांना हळद-कुंकू वाहायचं आणि दिवसभर त्यांच्याकडं फिरकायचं नाही. निपाणीत त्या दिवशी एखाद्या सुताराच्या दारातून ठकठक ऐकू आली, तर समजायचं त्याचं डोकं फिरलंय. एका अवशीला माझं डोकं फिरलं होतं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. चार यत्ता शिकलेल्या माणसाला लिहायला वेळ लागतो, पण तेव्हा जे लोकांपुढं बोललो नाही ते निदान कागदावर तरी उतरवतो.

आम्ही दोघं भाऊ. मी थोरला. धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. मी त्याला बारक्या म्हणायचो, तो मला अण्णा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आई होती. माझं कुटुंब बाळंतपणाला माहेरी गेलं होतं. बारक्याचं लग्न ठरत आलं होतं, वडगावात विणकरांचे माग बनवणाऱ्या एका सुताराच्या मुलीशी. पोरगी गोरी आहे की सावळी यावरून मी त्याला लई छळायचो, आणि तो रंधा मारता मारता कानापर्यंत लाल व्हायचा.

आमचं काम गाडीच्या चाकांचं. निपाणीत तंबाखूच्या वखारी, त्यामुळं बैलगाड्यांना तोटा नव्हता. चाकाच्या मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत ज्या दांड्या जातात ते आरे. बाभळीचा आरा तासायचा तर आमच्याकडं दोन माणसं बसायची. एकानं आरा ठोकळ्यावर धरून फिरवायचा, दुसऱ्यानं वाकस मारायचा. वाकस म्हणजे आडव्या पात्याचं तासायचं हत्यार. आमचा वाकस आप्पांच्या हातचा, दांड्याला त्यांच्या अंगठ्याची खोच पडलेली. फिरवणाऱ्यानं आरा फिरवायचा, हात मागं घ्यायचा आणि "हूं" म्हणायचं. हूं ऐकू आला की मग घाव. पुन्हा फिरवायचं, पुन्हा हूं, पुन्हा घाव. मारणाऱ्याची नजर लाकडावर असते, धरणाऱ्याच्या हातावर नसते. हात सांभाळायचं काम त्या हूंचं. आप्पांनी आम्हाला पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं.

आता त्या अवशीचं सांगतो.

दुपारी एका तंबाखूवाल्या मालकाची गाडी दारात येऊन थांबली. माल भरलेला, कोगनोळीच्या पुढं जायचा, आणि डाव्या चाकाचे दोन आरे मोडलेले. मालक घाईचा माणूस. "बेग माडू, बेग माडू," लवकर कर, लवकर कर, असा त्याचा कानडीत धोशा. मी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "न्हाय जमत तर तसं सांग की. संकेश्वरात सुतार हैत." झालं! माझ्या मस्तकात तिडीक गेली. संकेश्वरचा सुतार माझ्यापेक्षा चांगला, हे माझ्या दारात उभं राहून मला सांगतोय!

बारक्या म्हणाला, "अण्णा, आज अवस हाय. उद्या फाटं लवकर उठून करून देऊ या की."

"अवस तुझ्या बायकोला सांग, ती आल्यावर," मी म्हणालो. "धर आरा."

त्यानं धरला. थोरल्यापुढं बोलायची आमच्यात रीत नव्हती. पहिला आरा नीट झाला. दुसऱ्याला मालक अगदी जवळ येऊन उभा राहिला, आणि मला त्याला दाखवायचं होतं की या घरात काम कसं चालतं. मी सपासप मारत सुटलो. हूंची वाट मी बघितली नाही. बारक्याचा हात अजून आऱ्यावर होता.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. याहून जास्त त्या दुपारचं मला लिहिता येत नाही.

गावानं दोन दिवसांत निकाल लावून टाकला, अवस बाधली. "अवशीला हत्यार उचललं, दुसरं काय हुनार?" असं दारात येऊन लोक म्हणायचे आणि मी मान हलवायचो. ते मला सोयीचं होतं. ही गोष्ट लिहिताना आजही लाज वाटते, पण सोयीचं होतं. अवस मोडली तो देवाचा गुन्हा, त्याला गाव साक्षी. हूंसाठी थांबलो नाही तो भावाचा गुन्हा, आणि तो आम्हा दोघांनाच ठाऊक. मालक शेजारी उभा होता खरा, पण त्याला आमच्या हूंचं काय कळतंय! बारक्या कुणाला बोलला नाही. डॉक्टरला नाही, आईला नाही, मलाही नाही. मी वाट बघत होतो, कधीतरी तो म्हणेल, अण्णा, तू थांबला न्हाईस. तसं म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो आपला संध्याकाळी दारात येऊन विचारायचा, "अण्णा, जेवलास काय?"

आणि मला काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं होतं. मी रडलो नाही, झोप उडाली नाही, दोन वेळ भाकरी खात होतो. एकदा आई आमटीत मीठ विसरली. बारक्यानं सांगितल्यावर तिनं मला विचारलं, तुला कळलं न्हाय काय रं? मला खरंच कळलं नव्हतं. वडगावकडून निरोप येणं बंद झालं, तेही मी बाजारातलं कुणाचं तरी ऐकावं तसं ऐकलं. लोक म्हणायचे, थोरला धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा! हातावर झोपलं की हात जड होतो, आपला वाटत नाही, तसं मला सगळं अंग झालं होतं. काम बंद होतं. हत्यारं भिंतीशी मांडलेली तशीच राहिली, त्यांच्यावरचं कुंकू वाळून काळं पडलं.

तीन महिन्यांनी बारक्याची जखम भरली आणि आईनं आम्हा दोघांना समोर बसवलं. "तुमचं आप्पा लग्नाआधी वेरूळला गेलते," ती म्हणाली. "तिथं डोंगराच्या पोटात आपला विश्वकर्मा बसलाय. काम करताना त्याचं बी बोट कापलं, ते दुसऱ्या हातानं धरून बसलाय. सुताराच्या घरात हात गेला तर तिथं हत्यार न्यावं, त्याच्या पायाला लावावं आन् माफी मागावी. जावा दोघं. अवशीची माफी मागून या."

मी हो म्हणालो, पण माझ्या पोटात वेगळंच होतं. वाकस तिथंच ठेवून यायचा, पुन्हा त्याला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे तंबाखूचे गठ्ठे, उचलायला जायचं. बोदं उचलायला दुसऱ्याचा हात मध्ये लागत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. वाकस तेवढा गोणपाटात गुंडाळला.

आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूर, तिथून आगगाडी. मिरज, पुणं, दौंड, मनमाड अशा गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी औरंगाबाद. एवढा लांबचा प्रवास आम्ही दोघांनी कधी केला नव्हता. बारक्या खिडकीशी बसून प्रत्येक पूल, प्रत्येक घाट मला दाखवायचा. "अण्णा, ह्यो बोगदा बघ की." मी बघायचो. बोगदा काळा होता, एवढंच मला कळायचं.

पुण्याच्या अलीकडं आम्ही दशम्या सोडल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कपाळाला गंध लावलेले. बारक्या डाव्या हातानं खायला लागला तसे ते म्हणाले, "अरे, एवढा मोठा झालास, डाव्या हातानं जेवतोस? आईबापांनी काही शिकवलं नाही का?" बारक्यानं उपरण्याखालचा उजवा हात काढून त्यांना दाखवला. नुसता दाखवला आणि पुन्हा झाकला. ते गृहस्थ एवढेसे झाले. "कसं झालं रे बाळ?" त्यांनी हळूच विचारलं.

मी घास हातात धरून थांबलो. आता बोलेल, मला वाटलं. परका माणूस आहे, आता बोलून टाकेल.

"अवस हुती," बारक्या म्हणाला.

मी तो घास खाल्ला.

वेरूळ तेव्हा निजामाच्या राज्यात. औरंगाबादेला उतरल्यावर नाक्यावरच्या शिपायानं आमचं सामान उघडायला लावलं. गोणपाट सुटलं, वाकस बाहेर आला. त्यानं वाकसाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "सुतार? वेरूळ?" एवढंच विचारलं आणि जायला हात केला. बारक्या लगेच खूश. "बघ अण्णा, हितं बी ठाव हाय आपला देव." मी गोणपाट पुन्हा बांधलं.

खुल्दाबादेपर्यंत मोटार मिळाली. तिथून घाट उतरून पायी. ऊन चांगलंच होतं आणि डोंगर नुसता पिवळा दिसत होता. खाली आल्यावर त्या डोंगरात दारंच दारं. एका ठिकाणी सबंध देऊळच्या देऊळ खडकातून सुटं करून उभं केलेलं, हत्तींसकट. बारक्या तिथं तोंड वासून थांबला. "अण्णा, बघू या की गं आई!" आश्चर्य वाटलं की तो लहानपणापासून असंच 'गं आई' म्हणायचा.

"आधी काम," मी म्हणालो आणि चालत राहिलो. जगातलं आश्चर्य समोर होतं, पण मला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. खांद्यावरचं ओझं ठेवलं की सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

सुताराचं लेणं कुठलं हे तिथं शेळ्या चारणाऱ्या बाईनंसुद्धा सांगितलं. पुढं फरसबंदी अंगण, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओसऱ्या, समोर दुमजली दर्शनी भाग. चपला काढून आत गेलो. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं आधी काहीच दिसेना. मग हळूहळू खांबांच्या रांगा दिसल्या, आणि मग मी वर बघितलं.

वर वासे होते.

खरं सांगतो, देवाकडं बघायचं मी विसरलो. छताला कमानदार बाक, आणि त्या बाकाला एकासारखे एक वासे, सारख्या अंतरावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाकूड वाकवून बसवावं तसे. मी सांधा शोधायला लागलो. सुताराची खोड, दुसरं काय! वासा कुठं बसवलाय, खुंटी कुठं ठोकलीय, जोड कुठं मारलाय, म्हणून माझे डोळे फिरत राहिले. जोड नव्हताच. सगळा एकच दगड. डोंगर आतून कोरून कुणीतरी लाकडाचं घर केलं होतं, आणि ज्यानं केलं त्याला लाकूडकाम येत होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. घाव चुकला असता तर दगडाला ठिगळ लावता येत नाही. एवढ्या वाशांत एकही चुकलेला मला दिसला नाही.

"अण्णा," बारक्यानं हाक मारली.

तो पुढं देवासमोर उभा होता. मागं दगडाचा मोठा गोल घुमट, आणि त्याला पाठ देऊन देव बसलेला, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी उंच. बैठकीवरून पाय खाली सोडून बसला होता, कामातून उठून घटकाभर टेकलेल्या माणसासारखा. दोन्ही हात छातीशी. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या चिमटीत. आई म्हणाली होती अगदी तसंच. बारक्या त्या हातांकडं बघत होता. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं आणि त्याचा उजवा हात उघडा पडला होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं.

मी गोणपाट सोडलं. वाकस काढला, देवाच्या पायाशी ठेवला, डोकं टेकलं. अवशीची माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. लेण्यांचा राखणदार होता, पांढऱ्या दाढीचा, डोक्याला पागोटं.

"सुतार का?" त्यानं विचारलं.

"व्हय," बारक्या म्हणाला. "निपाणीचं. बेळगाव जिल्हा."

"फार लांबून आलात." तो खांबाला टेकून बसला. "सुतार येतात इथं, पार कुठून कुठून येतात. पण मी तीस वर्षं इथं आहे, मोठमोठे शिकलेले लोक येतात, त्यांचं ऐकतो. ते म्हणतात हा बुद्ध आहे. ते मागं आहे तो स्तूप. इथं त्याचे भिक्षू बसायचे, डोळे मिटून."

"आन् बोट?" मी म्हणालो. "बोट कापलंय न्हवं त्याचं?"

"नाही हो. तो शिकवतोय. लोकांना काहीतरी समजावून सांगताना बोट धरतो ना माणूस, तसं." माझा चेहरा बघून म्हातारा गडबडला. "तुम्ही विश्वकर्मा म्हणा. मी कुणाला नाही म्हणत नाही. इथं येणाऱ्या माणसाला मी कशाला नाही म्हणू?"

मला असा संताप आला! तीन दिवस आगगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, आणि हा म्हणतो बोट शाबूत आहे! मी म्हाताऱ्यावर खेकसणार होतो. तेवढ्यात बारक्या हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. "बरं झालं की अण्णा," तो म्हणाला. "निदान एकाचं तरी बोट जाग्यावर हाय."

माझा संताप तिथल्या तिथं थिजला. हा आमचा विश्वकर्मा नसेल, तर याला अवशीचं काय सोयरसुतक? याच्याकडं कसली माफी मागायची? मग ती कुणाकडं मागायची, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. कळलं, पण आत काही हललं नाही. मी तसाच गुडघ्यावर बसून राहिलो.

म्हाताऱ्याला वाटलं, आपण यांचा हिरमोड केला. तो उठला आणि म्हणाला, "एक गंमत दाखवतो. इथं आवाज फार घुमतो. काहीतरी म्हणा, मोठ्यानं. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी ॐ म्हणतं."

बारक्यानं वर वाशांकडं बघितलं. जरा विचार केला. मग पोटातून, आमच्या कामाच्या आवाजात म्हणाला, "हूं."

तो हूं खांबांमागून फिरून आला. वरून आला. देवाच्या मागून, त्या गोल दगडाला वळसा घालून आला. विरतोय म्हणेपर्यंत पुन्हा आला. मला खाली मान घालून तो सगळा ऐकावा लागला. त्या अवशीला मी जो एक हूं ऐकायला थांबलो नव्हतो, तो मला तिथं किती वेळा ऐकू आला ते मला मोजता आलं नाही. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत मी हललो नाही.

"बारक्या," मी म्हणालो, "मी थांबलो न्हवतो रं."

हळूच म्हणालो होतो, तरी ते घुमलं. म्हातारा अंगणात निघून गेला. शहाणा माणूस.

"ठाव हाय की मला," बारक्या म्हणाला. "हात माझा हुता."

"मग बोलला का न्हाईस? एवढं दिस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्यानं उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं. "येकानं तरी थांबाय नगं काय?"

इथं मला रडू यायला हवं होतं. पुस्तकात माणसं रडतात अशा वेळी. मला आलं नाही. खोटं कशाला लिहू? त्याचे पाय धरायचे, असं मी तीन महिने घोकलं होतं, तेही जमलं नाही. मी उठलो, वाकस होता तिथंच ठेवला, आणि रिकामं गोणपाट घेऊन बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो.

मागून बारक्या आला. त्याच्या डाव्या हातात वाकस होता.

"ह्यो इसरलास."

"इसरलो न्हाय. ठेवून आलो. मी धंदा सोडला."

"तू सोड," तो म्हणाला. "मी न्हाय सोडला. आप्पाचा वाकस हाय, तुझ्या एकट्याचा न्हवं, कुठं बी ठेवून यायला."

"डाव्या हातानं तासणार व्हय?"

"जेवाय शिकलो की डाव्या हातानं." आणि तो पुढं चालायला लागला. जाता जाता वळून म्हणाला, "आता ते हत्तीचं देऊळ तरी बघू देशील का न्हाय?"

ते देऊळ आम्ही दुपारभर बघितलं. म्हणजे त्यानं बघितलं, मी त्याच्यामागून फिरलो.

परतीच्या वाटेवर त्यानं वाकस गोणपाटात घालू दिला नाही. डब्यात मांडीवर घेऊन बसायचा, डाव्या मुठीत दांडा धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आप्पांच्या अंगठ्याची खोच उजव्या हाताची, त्याच्या डाव्या हाताला ती उलटी यायची. शेवटी मिरजेच्या आसपास त्यानं दांडा फिरवून अशी एक पकड काढली की खोच तळव्यात बसली. मला ती दाखवली. मी म्हणालो, "बरी हाय." वखारीत बोदं उचलायला जायचं मी अजून मनातून काढलं नव्हतं.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली. तो पडवीत ठोकळ्यासमोर बसला होता. समोर आरा होता. कोपऱ्यात तीन महिने पडलेला, अर्धा तासलेला तोच आरा. त्याच्यावरचे डाग आता बाभळीच्या रंगात मिसळून गेले होते, पण मला ते वेगळे दिसले. आई चुलीपाशी होती, ती दारात येऊन उभी राहिली.

"धर," बारक्या म्हणाला.

मी बसलो. आरा ठोकळ्यावर घेतला. जन्मभर मी मारणारा, धरायला बसलो तो पोर असताना आप्पांसमोर, त्यानंतर कधी नाही. खालून वाकस केवढा मोठा दिसतो हे मी विसरलो होतो. बारक्यानं तो डाव्या हातानं वर उचलला. पातं माझ्या मनगटाच्या वर इकडं तिकडं हलत होतं.

आणि मला भीती वाटली. वेरूळचा तो घटकाभराचा संताप सोडला, तर तीन महिन्यांत मला वाटलेली ही पहिली गोष्ट. बारक्या रोज हे सहन करून माझ्यासमोर बसत होता, आणि एका हूंवर भरवसा ठेवत होता, हे मला त्या घटकेला कळलं. मी आरा फिरवला. हात मागं घेतला. आता हूं म्हणायचं होतं, पण मी वाकसाकडंच बघत राहिलो.

बारक्या थांबला. त्याला तो वाकस डाव्या हातानं पेलत नव्हता. दंडाची शीर फुगली होती, कपाळावर घाम आला होता, तरी तो वर धरून थांबला.

"अण्णा," तो म्हणाला, "तू म्हटल्याशिवाय मी मारणार न्हाय."

"हूं," मी म्हणालो.

घाव लाकडावर पडला. वाकडा पडला, नको तेवढी ढलपी उडाली.

"फिरव," बारक्या म्हणाला.

मला समोरचं दिसत नव्हतं, डोळे भरून वाहत होते. मी चाचपून आरा फिरवला, चाचपूनच हात मागं घेतला, आणि पुन्हा म्हणालो, "हूं."